सातवं काज

३ मार्च, सोमवार

ही डायरी दातांचं सिमेंट विकणारी कंपनी आमच्या लॅबला दरवर्षी फुकट वाटते. पानोपानी कोपऱ्यात दाढेचं चित्र आहे. असल्या नऊ डायऱ्या माझ्याकडून कोऱ्याच रद्दीत गेल्या. दहावी जाणार नाही, कारण मनात जे चाललंय ते घरात कुणाला सांगायची सोय आता राहिलेली नाही.

डॉक्टरांनी सासूबाईंना जिना बंद केला. दोन्ही गुडघ्यांनी एकदम राजीनामा दिला, असं त्या स्वतःच म्हणाल्या. वर झोपता येणार नाही म्हणजे खाली झोपायचं, आणि खाली खोल्या दोनच. एक बैठकीची, दुसरी माझ्या माशांची. बैठकीतल्या दिवाणावर त्यांनी पंधरा दिवस काढले, पण म्हाताऱ्या माणसाला येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात किती दिवस झोपवणार?

माशांच्या खोलीत चार काचेची कपाटं आहेत. त्यांत जपानहून अकरा वर्षं मागवलेले तीनशे चाळीस प्लॅस्टिकचे मासे आहेत, बोटाएवढे, पण डोळ्याच्या बाहुलीपासून शेपटीच्या काठापर्यंत खऱ्यासारखे. अर्ध्याहून जास्त शार्क. त्यांना कुणी खेळणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी दात बनवते. दंतवैद्य ठसे पाठवतात आणि मी त्यावरून माणसांच्या तोंडात बसतील असे दात घडवते. मिलिमीटरच्या दहाव्या भागात अचूक असणं म्हणजे काय, ते मला कळतं. त्या जपानी लोकांनाही कळतं. घरात कुणाला कळत नाही.

जेवताना मीच म्हणाले, पंधरा एप्रिलपर्यंत खोली मोकळी करते. आमचे हे ड्रायव्हिंग शिकवतात. मी आणि सासूबाई एकमेकींशी बोलायला लागलो की टेबलाखाली ह्यांचा उजवा पाय ब्रेक दाबतो. आज दोनदा दाबला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मासे जातील कुठं?" मी म्हटलं, माळ्यावर, खोक्यांत. मोठेपणा मीच घेतला आणि आता खोकीही मलाच शोधायची आहेत.

६ मार्च, गुरुवार

आज लॅबमधून येताना वाचनालयात गेले होते. नव्या वाचनकक्षाच्या भिंतीत बारा फूट लांब काचेचं कपाट बसवलंय, आतून दिवे, खालून कुलूप. मी काचेला नाक लावून उभी राहिले. ग्रंथपालबाई मला वीस वर्षं ओळखतात; म्हणाल्या, कायमचं काहीतरी ठेवायचं आहे, गावातल्याच कुणाचा तरी संग्रह. सहा एप्रिलला समिती बघायला बसणार.

माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत, पण एकच मिनिट. कारण पुढे त्यांनी अट सांगितली. वाचनालयाचा जुना नियम आहे: खंड अपुरे असतील तर तो संच दर्शनी मांडायचा नाही. संग्रह कितीही मोठा असो, त्यातला एक तरी संच पहिल्यापासून शेवटपर्यंत पुरा हवा, आणि तो मधोमध लागेल. दुसरे अर्जदार आहेत काडेपेटीवाले. त्यांच्याकडे पन्नास काडेपेट्यांचा संच आहे आणि पन्नासच्या पन्नास आहेत.

माझ्याकडे बारा आहेत. हवेत तेरा.

९ मार्च, रविवार

तेराव्याबद्दल लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातून उतरेल.

एका छोट्या मत्स्यालयाच्या दुकानासाठी बनवलेला शार्कांचा संच. गोल डबीतून निघायचे. कुठला निघेल ते डबी उघडेपर्यंत कळायचं नाही. सोबत घडी घातलेलं पत्रक, त्यावर बारा चित्रं, आणि तेराव्या जागी नुसती काळी सावली आणि प्रश्नचिन्ह. गुपित मासा. बनवणारा कारखाना बंद पडून जमाना झाला. इंटरनेटवर तीन जण तीन वेगवेगळे फोटो दाखवून हाच तो म्हणतात आणि एकमेकांना खोटं पाडतात.

मला शंका नाही. सावलीचं डोकं फुगीर आहे, म्हणजे तो मोठ्या तोंडाचा शार्कच. मी आयुष्यभर तोंडं बघत आलेय. माणूस भेटला तरी आधी त्याचे दात दिसतात, नाव मागाहून कळतं. कपाटातला प्रत्येक शार्क मी भिंगाखाली जबडा उघडून ओळखला आहे. बारातल्या चौथ्याचे, सहा चिरांच्या शार्कचे, खालचे दात फणीसारखे आहेत. लांब नाकवाल्याचे सुयांसारखे. मला दात दाखवा, मी मासा सांगते.

ह्यांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, बरोबर आहे. त्यांनी ऐकलंच नव्हतं.

१२ मार्च, बुधवार

डोकं उठलंय. पेपर पंख्याने उडतो म्हणून सासूबाईंनी दाबायला काहीतरी मागितलं होतं, तेव्हा मी त्यांना एक बाद मासा दिला होता. झाली त्याला पाच-सहा वर्षं. चौथ्या नंबरचा जोडीचा निघाला होता आणि वर अंगावर काळे शिंतोडे उडालेले. रंगकामात चूक. असले मी कपाटात ठेवत नाही. त्या दिवसापासून तो त्यांच्या पेपरवर बसतो. पेपर त्या वाचत नाहीत, डोळ्यांना आता मथळेच दिसतात. मासा मात्र हातात फिरवत राहतात.

आज चहा देताना म्हणाल्या, "याच्या गळ्याला सात काजं आहेत."

सासूबाईंनी चाळीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात काजं केली. जगात त्यांना जिथे चीर दिसते तिथे काज दिसतं. मी म्हटलं, आई, त्या कल्ल्यांच्या चिरा, आणि त्या सहाच असतात, पत्रकावर छापलंय. त्या म्हणाल्या, छापणाऱ्याने मोजली नसतील. मी म्हटलं, रंगाचा एखादा ओरखडा लागत असेल बोटाला. तेवढ्यात ह्यांनी ब्रेक दाबला म्हणून मी गप्प बसले. एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाशी माशाच्या गळ्यावरून भांडणं बरं दिसत नाही.

टेबलावर अर्धं खाल्लेलं सफरचंद तपकिरी पडत होतं. हे दुपारी घरी येऊन खातात आणि अर्धं टाकतात. ह्यांना विचारलं तर कानावर हात.

आता दातांचा विषय निघालाच आहे तर लिहिते. गेल्या सप्टेंबरात मी सासूबाईंची कवळी केली. अठ्ठावीस दात. पुढच्या दोहोंत त्यांच्या लग्नाच्या फोटोत दिसते तेवढीच फट ठेवली. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, टोचते. दोनदा घासून दिली. तरी टोचते. तेव्हापासून कवळी वाटीत, आणि त्या बोळक्या तोंडाने सूप पितात, तेही पाहुण्यांसमोर. सून दात बनवते हे सगळ्यांना माहीत आहे.

१६ मार्च, रविवार

सापडला. मोठ्या तोंडाचा. परदेशातल्या एका विक्रेत्याकडे एकच नग होता, तेरावा म्हणूनच लिहिलेला. मागवला. चोवीस-पंचवीसपर्यंत येईल.

दिवसभर इतका उत्साह होता की बाराही जणांना आंघोळ घातली. पार्सलमध्ये दबून काहींचे पंख वाकतात. कडकडीत पाण्यात अर्धं मिनिट धरायचा, बोटांनी सरळ करायचा, लगेच गार पाण्यात. मग तसाच राहतो. सासूबाई वॉकर घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, शर्टाची कॉलर अशीच बसवतात. मग बराच वेळ तिथेच होत्या. खुर्ची दिली तर बसल्याही. जाताना लांब नाकवाल्याकडे बोट करून म्हणाल्या, हा नेहमी खालच्या फळीवर डावीकडे असतो ना? मी म्हटलं हो. त्यांना कसं माहीत कोण जाणे. खोली ताब्यात यायच्या आधीच मोजमाप घेऊन ठेवलेलं दिसतं.

आणखी एक. ही कपाटं खरंच चांगल्या बनावटीची आहेत. महिनोन् महिने मी फडकं मारलेलं नाही, तरी खालच्या दोन फळ्यांवर धुळीचा कण नाही. वरच्या फळ्यांवर मात्र आहे.

२० मार्च, गुरुवार

लॅबमध्ये वीज गेली म्हणून दुपारीच घरी आले. सासूबाई माझ्या माशांच्या खोलीत होत्या. मला बघून तोंडावर हातरुमाल धरला आणि खोकला आलाय अशी खूण केली. वॉकर ढकलत मोरीकडे गेल्या त्या दहा मिनिटांनी बाहेर आल्या. खोकला कसला ते बोलल्या नाहीत. डॉक्टरांना फोन करावा का? ह्यांना विचारलं, तर म्हणाले, आई खोकताना मी तर कधी ऐकलं नाही.

२५ मार्च, मंगळवार

आला. आणि गेलाही.

डबी उघडली. भडक चकाकी, रॉकेलसारखा वास. जबडा भिंगाखाली धरला आणि खुर्चीत मागे टेकले. करवतीसारखे मोठे मोठे तिकोनी दात. मोठ्या तोंडाच्या शार्कला असले दात नसतात. त्याचे दात बारीक, टाचणीच्या टोकाएवढे, शेकड्यांनी. नकली. कुणीतरी घाऊक साच्यात ओतलेला. नक्कल करणाऱ्याने निदान खऱ्याचे दात तरी बघायचे.

फसले याचा राग नाही. बारा दिवस उरलेत याचा आहे. मासे माळ्यावर जाणार, उन्हाळ्यात माळ्यावर पत्रा तापणार, पंख वाकणार, आणि मी शिडी चढून कधी बघायला जाणार नाही हे मला आत्ताच दिसतंय. आवडतं माणूस दवाखान्यात ठेवून परत न जाण्यासारखं आहे ते. मी आज रडले. नळ सोडून रडले, म्हणजे कुणाला ऐकू जायला नको.

बाहेर आले तर सासूबाईंनी विचारलं, "नव्याला काजं किती?" मी म्हटलं, मोजली नाहीत. त्या म्हणाल्या, तेच चुकतं तुझं. मी ताटं घ्यायला गेले. आज ब्रेकचीही गरज पडली नाही.

शेवटचा उपाय म्हणून जपानमधल्या माझ्या जुन्या दुकानदाराला लिहिलं. बंदराजवळ त्यांचं छोटंसं दुकान आहे आणि माझे निम्मे मासे त्यांच्याकडूनच आलेत. आम्ही फोनमधल्या भाषांतरावर बोलतो, त्यामुळे ते मला फार गंभीर राजदूत वाटतात आणि मी त्यांना कशी वाटत असेन देव जाणे. विचारलं: तेरावा नेमका कोण? कारखान्यातलं कुणी हयात आहे का? उत्तर येईल ही आशा नाही.

२९ मार्च, शनिवार

मनातला कडवटपणा जावा म्हणून काहीतरी चांगलं करावं असं ठरवलं. सासूबाईंच्या त्या बाद माशावरचे शिंतोडे थिनरने पुसून द्यायचे, वर एकसारखा करडा रंग मारून द्यायचा. नव्या खोलीत टेबलावर नवा दिसेल. ब्रश, थिनर, कापूस, सगळं मांडलं आणि मासा मागितला.

दिला नाही. मुठीत धरून बसल्या. "ठिपके पुसायचे नाहीत. त्याचे आहेत ते." मी समजावलं, आई, ती चूक आहे, दुसऱ्या एकाही चौथ्याला ठिपके नाहीत. त्यावर म्हणाल्या की चाळीस वर्षांत त्यांनी चुकीचं काज आणि मुद्दाम केलेलं काज यांतला फरक लाखदा पाहिलाय. चूक एकीकडे झुकते. हे ठिपके दोन्ही अंगांवर सारखे आहेत. बोटांनी लागतात, म्हणे.

हट्टाला औषध नाही. थिनरची बाटली परत ठेवली. एवढा जीव एखाद्या रंग उडालेल्या माशावर, आणि मी केलेली अठ्ठावीस दातांची कवळी वाटीत. वाटीतलं पाणी मात्र रोज ताजं असतं, हे मान्य करायला हवं.

२ एप्रिल, बुधवार

आज सगळं नीट क्रमाने लिहिणार आहे.

साडेअकराला लॅबमध्ये मेणाची दाढ कोरत होते, तेव्हा दुकानदाराचं उत्तर आलं. मजकूर जसाच्या तसा उतरवते:

"आदरणीय दंतनिर्मात्या, चौकशीस विलंब झाला, क्षमस्व. कारखान्यात रंग देणाऱ्या वृद्ध बाईंना मी भेटलो. तेरावा मासा हा चौथ्या माशाचा थोरला भाऊ आहे. दात सारखेच. परंतु अंगावर काळे ठिपके, जे त्या बाई हाताने देत असत, आणि कल्ल्यांची एक चीर अधिक. एकूण सात. पुष्कळ ग्राहकांनी रंग बिघडला असे समजून तो टाकून दिला, याचे बाईंना आजही वाईट वाटते. आपण तसे केले नसावे अशी नम्र आशा आहे. आपल्या दातांच्या आरोग्यास शुभेच्छा."

तीनदा वाचलं. दाढ हातातून पडली. थिनरची बाटली डोळ्यांसमोर आली. अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी पळाले.

बैठकीच्या खोलीत टेबल रिकामं. पेपर नाही, मासा नाही. सकाळी ह्यांनी रद्दी देऊन टाकली होती. मी दारातच विचारलं, आई, मासा कुठंय? सासूबाईंनी आधी हातरुमाल तोंडाशी नेला, तोंड फिरवून काहीतरी केलं, मग बोळक्या तोंडाने शांतपणे विचारलं, "कुठला? रंग बिघडलेला?"

मी म्हटलं, हो, तोच.

त्यांनी खिशातून काढला. शनिवारपासून तुझा भरवसा वाटेना म्हणून खिशात ठेवते, म्हणाल्या. मी त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसले आणि पत्र वाचून दाखवलं. "पुष्कळ ग्राहकांनी" हे वाक्य मी दोनदा वाचलं. त्यांनी ऐकून घेतलं. "मी म्हटलं नव्हतं?" असं काही त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"डोळे मीट," म्हणाल्या. "मोज."

मी बोट फिरवलं. सहा. पुन्हा फिरवलं, सहाच. त्यांनी माझं बोट धरून उभं केलं.

"पेराने नाही. नख उभं धर. काज नखाने मोजतात."

नख उभं धरून डोक्याकडून सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आणि मग पंखाच्या अगदी मुळाशी, पंखाखाली अर्धी लपलेली, सातवी. अकरा वर्षं मी तो सगळ्या जगात शोधत होते, आणि त्यातली निम्मी वर्षं तो माझ्याच घरात पेपर दाबत बसला होता. मी तोंड बघून मोकळी झाले होते. लाज वाटली आणि आनंद झाला, दोन्ही एकदम, आणि दोन्ही डोळ्यांतून बाहेर आलं. या वेळी नळ सोडला नाही.

३ एप्रिल, गुरुवार

आज तह झाला. मासा त्यांचा आहे; मी दिला होता, परत मागणारी मी कोण? पण मागितला. त्यांनी अटी घातल्या. एक, त्याच्या बदल्यात दुसरा ठिपकेवाला हवा. मी व्हेल शार्क दिला, तो नखशिखांत ठिपक्यांचा आहे. तो त्यांनी चाचपून घेतला, काजं मोजली, पाच, पसंत. दोन, कपाटात माशाखाली लागेल त्या चिठ्ठीवर मोजणाऱ्याचा उल्लेख पाहिजे, आणि नात्याने नाही, कामाने. तीन, सगळे मासे न्यायचे नाहीत. एक कपाट त्या खोलीतच राहील.

मी विचारलं, कशाला? "दिवसभर घरात मी एकटी असते," म्हणाल्या. "त्यांची सवय आहे." मग खालच्या दोन फळ्या कोण पुसतं ते मला कळलं. वरच्यांपर्यंत त्यांचा हात पोचत नाही.

मीही एक अट घालायचं धाडस केलं. रविवारी वाचनालयात येताना कवळी घालायची. त्या म्हणाल्या, बघू.

६ एप्रिल, रविवार

जिंकलो. आधी हे लिहिते, बाकीचं पाठोपाठ.

ह्यांनी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी काढली. छतावर शिकाऊ चालकाची पाटी तशीच. ताशी वीसच्या वेगाने गेलो, कारण मागच्या सीटवर आई आणि तीनशे मासे होते. वाचनकक्षात दोन लांब टेबलं मांडली होती. एकावर पन्नास काडेपेट्या, शिस्तीत, माझ्याही तोंडून वा निघून गेलं. दुसऱ्यावर आमचे. मधोमध काळ्या कापडावर तेरा.

समितीबरोबर मत्स्यशास्त्राच्या एक प्राध्यापकबाई आल्या होत्या, पांढरे केस, गळ्यात भिंग. माझ्यासारखंच बाईंनीही आधी जबडा बघितला. मग तेराव्यापाशी थबकल्या. म्हणाल्या, हा चौथ्याचाच दुसरा नग दिसतो, रंगात बिघडलेला; मग संच बाराचाच झाला. सचिवांनी लिहायला पेन काढलं. मी पर्स उलटीपालटी केली, पत्राची प्रत सापडेना.

तेव्हा मागून आवाज आला, ठणठणीत, एकेक अक्षर सुटं. "बाई, भिंग ठेवा. नखाने मोजा."

मी वळले. सासूबाई वॉकरला धरून उभ्या होत्या. कवळी तोंडात होती. पुढच्या दोन दातांतली फट, लग्नाच्या फोटोतली.

त्यांनी प्राध्यापकबाईंचं बोट हातात घेतलं, जसं माझं घेतलं होतं, आणि नख उभं करून दिलं. बाईंनी मोजलं. सातव्याला थांबल्या. पुन्हा मोजलं. मग भिंग लावून ठिपके दोन्ही अंगांनी ताडून पाहिले आणि सरळ उभ्या राहिल्या. असा मासा खरोखर समुद्रात आहे, म्हणाल्या, सात चिरांचा, ठिपक्यांचा. आणि पंचवीस वर्षं शिकवूनसुद्धा आपण आत्ता दातांवर विसंबलो, हेही त्यांनी कबूल केलं. सचिवांनी मोजला. ग्रंथपालबाईंनी मोजला. शेवटी काडेपेटीवाल्यांनी विचारलं, मी हात लावला तर चालेल का? त्यांनी डोळे मिटून मोजला आणि म्हणाले की एवढा पुरा संच त्यांनीही पाहिलेला नाही. भला माणूस. त्यांच्या पेट्यांना खिडकीजवळचं टेबल मिळालं, काच लावून.

कपाट आमचं. कायमचं. तेरा मधोमध. चिठ्ठी मी माझ्या हाताने लिहिली: "सात चिरांचा शार्क. अकरा वर्षं बेपत्ता, घरातच सापडला. मोजणी: काजं करणाऱ्या बाई, वय एक्क्याऐंशी." सचिव म्हणाले, चिठ्ठीवर वय लिहायची पद्धत नाही. सासूबाई म्हणाल्या, मग आता पाडा.

चहाबरोबर कडक बिस्किटं होती. सासूबाईंनी चहात न बुडवता तीन खाल्ली. मी बघत राहिले. ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत तसाच राहू दिला. हे पहिल्यांदाच.

घरी आल्यावर त्या दमून आरामखुर्चीत झोपल्या. कवळी वाटीत काढून ठेवली होती. धुवावी म्हणून घेतली आणि सवयीने खिडकीपाशी भिंगाखाली धरली. मग बराच वेळ तिथेच उभी राहिले.

दाढांची टोकं घासलेली होती. उजवीकडे जास्त, डावीकडे कमी. पुढच्या दातांच्या काठाला बारीक चरे, सफरचंदासारखं काहीतरी रोज तोडणाऱ्याला पडतात तसे. आतली झिलई गेलेली, जिथे जीभ टेकते तिथे अगदी गुळगुळीत. ही एका दिवसाची झीज नव्हे. वाटीत पडून राहिलेल्या कवळीला झीज नसते. ही कवळी सहा-सात महिने रोज तासन् तास वापरात आहे. परक्याची असती तर मला दोन मिनिटांत कळलं असतं.

अर्धी सफरचंदं. हातरुमाल. ताजं पाणी. मी सहा चिरांवर अडून बसले होते आणि त्या टोचण्यावर. एकदा तोंडातून गेलं की मागे कोण घेणार? आमच्या दोघींत तर कुणीच नाही.

कवळी धुतली, पुसली, वाटीत होती तशीच ठेवली. एवढी खूश मी कपाट मिळालं तेव्हाही नव्हते.

१५ एप्रिल, मंगळवार

पलंग आला. सासूबाई आपल्या खोलीत गेल्या. तीन कपाटं गेल्यामुळे खोली मोठी दिसते. चौथं त्यांच्या उशाशी, त्यात चाळीस मासे, सगळे त्यांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. व्हेल शार्क पेपरवर.

वाचनालयातून ग्रंथपालबाईंचा फोन होता. लोक काचेवर नख लावून उभे राहतात, काच रोज पुसावी लागते, तक्रार नाही, फक्त सांगितलं. त्यांना म्हटलं, पुसत राहा. जपानला फोटोही गेला. दुकानदाराने कळवलं की रंग देणाऱ्या बाईंनी फोटो बघितला आणि मोजणाऱ्या बाईंना नमस्कार सांगितला आहे. सासूबाईंनी तो उभं राहून घेतला, गुडघे दुखत असताना.

रात्रीच्या जेवणानंतर मी सफरचंद आणलं. कापलं नाही. सालासकट, अख्खं, त्यांच्या हातात दिलं आणि समोर बसले. कवळी तोंडात होती, रविवारपासून असते. टेबलाखाली ह्यांचा पाय ब्रेककडे सरकलेला मला कळला.

मी विचारलं, "टोचते का अजून, आई?"

"टोचते," म्हणाल्या आणि सफरचंदाचा लचका तोडला. आवाज मोरीपर्यंत गेला असेल.

मी म्हटलं, "उद्या लॅबमध्ये नेते, घासून आणते."

"राहू दे," त्या चावता चावता म्हणाल्या. उजवीकडून. "होईल सवय."